पाणी ९८ अंशांवर उकळलं, आता वहीत काय लिहायचं?

तुमची अडचण मला अशी समजली. इंदूरच्या एका खासगी शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवायला लागून तुम्हाला हे दुसरं वर्ष. जूनमध्ये तुम्ही ‘वैज्ञानिक पद्धत’ शिकवलीत: निरीक्षण, प्रश्न, परिकल्पना, प्रयोग, निष्कर्ष. मुलांनी ती पाठ केली, युनिट टेस्टमध्ये पैकीच्या पैकी गुण मिळवले, आणि त्यानंतर उष्णता, आम्लं, प्रकाश सगळं शिकवून झालं तरी त्या पाच पायऱ्यांचं कुणी नावही काढलं नाही. विज्ञान नेमकं कसं चालतं हे शिकवायला वेगळे तास कुठून काढू, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी सहज म्हणून एक ओळ जोडलीय: प्रयोग पुस्तकाप्रमाणे आला नाही की वर्ग हातातून जातो, म्हणून आता बरेचसे प्रयोग मी व्हिडिओवरच दाखवतो.

माझ्या मते खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. समजा, तुम्हाला दहा तास जास्तीचे मिळाले, तर काय कराल? बहुधा आणखी एक धडा, आणखी पाच पायऱ्या. मुलं विज्ञानाबद्दल आपलं मत पहिल्या धड्यावरून बनवत नाहीत. आकडा पुस्तकाशी जुळला नाही, त्या वेळी समोरचे सर काय करतात हे ती टक लावून बघत असतात. ‘काहीतरी चुकलं असेल, शंभर लिहा आणि पुढे चला’ असं तुम्ही म्हणालात की त्यांना हवं ते कळलेलं असतं: उत्तर आधीच ठरलेलं आहे, प्रयोग हा त्याचा देखावा.

हे सांगताना मी कुठे उभी आहे तेही सांगते. मी सत्तावीस वर्षं शिकवलं, पहिली काही वर्षं अनुदानित शाळेत, मग खासगी शाळांत. वर्गात कधी बत्तीस मुलं होती, कधी अठ्ठावन्न. अठ्ठावन्न मुलांच्या वर्गात आणि एकाच स्पिरिटच्या दिव्यावर जे जमतं, ते आणि प्रयोगशाळा-सहायक असलेल्या शाळेत जे जमतं, ते सारखं नसतं. तुमच्या शाळेत कोऑर्डिनेटर दर शुक्रवारी वह्या तपासून ‘कोर्स किती झाला’ विचारत असतील, तर खाली लिहिलेल्यातलं निम्मंच करा. आणि तुमचा विभागप्रमुख कसा आहे यावरही बरंच अवलंबून आहे. मला एक असे लाभले होते जे मुलांचे न जुळलेले आकडे बघून खूश व्हायचे, आणि एक असे की ज्यांना वहीतलं खाडाखोडीचं पानही सहन व्हायचं नाही.

आता पाण्याची गोष्ट. सातवीचा वर्ग, आठ गट, प्रत्येकाला १०० मिली पाणी, दिवा आणि एक थर्मामीटर. काम साधं: पाणी उकळताना तापमान कुठे थांबतं ते बघा. फळ्यावर आकडे आले ते असे: ९८, ९७, ९८, ९८.५, ९९, ९७.५, ९८ आणि १००. शंभर लिहिणारा गट वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलांचा. मी जवळ जाऊन विचारलं, तुमचं खरंच शंभरला थांबलं? त्यातला एक जण प्रामाणिकपणे म्हणाला, “मॅम, अट्ठानवे आ रहा था. थर्मामीटर खराब होगा, इसलिए ठीक करके लिख दिया.”

ठीक करके! रागवावंसं वाटलं, पण रागवणार कुणावर? त्या मुलाने तीच गोष्ट केली होती जी आपण त्याला पाच वर्षं शिकवत आलो. म्हणून मी एवढंच म्हटलं की थर्मामीटर खराब असेल ही शंका रास्त आहे, पण मग बाकीच्या सात गटांचेही थर्मामीटर खराब असायला हवेत, आणि सगळे एकाच बाजूला खराब. चला, तपासू.

फळ्यावर संशयितांची यादी केली. थर्मामीटर चुकीचा आहे. आपलं नळाचं पाणी शुद्ध नाही. पाणी नीट उकळलंच नव्हतं. एक मुलगा म्हणाला, पुस्तकच चुकीचं आहे, तेही लिहिलं. मग प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न: हे खरं असेल, तर आणखी काय दिसायला हवं?

थर्मामीटर चुकीचा असेल तर बर्फातही चुकीचं दाखवेल. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडून बर्फ आणला, फोडून चुरा केला, थोडं पाणी घालून त्यात सगळे थर्मामीटर उभे केले. सहा जवळपास शून्यावर, एक शून्याच्या जरा वर, आणि एक उणे एकवर. तो उणे एकवाला त्याच गटाचा होता ज्यांचं पाणी ९७ ला उकळलं होतं. वर्गात जो हलकल्लोळ झाला तो मला अजून आठवतो, चोर सापडल्यासारखा. पण एक मुलगी हात वर करून म्हणाली की शून्यापाशी एक अंशाने चुकतो म्हणजे शंभरापाशीही एकानेच चुकत असेल, हे कशावरून? सर, असा प्रश्न आला की तास सार्थकी लागला असं खुशाल समजा. माझ्याकडे तेव्हा त्याचं पडताळून दाखवता येईल असं उत्तर नव्हतं, आणि मी तसं सांगितलं.

पाण्याच्या शुद्धतेसाठी इन्व्हर्टरमध्ये घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणलं. ते आणि नळाचं नर्मदेचं पाणी, एकाच थर्मामीटरने. फरक दिसला नाही. शिवाय पाण्यात क्षार विरघळले की उत्कलनबिंदू थोडा वर जातो, खाली येत नाही. म्हणजे हा संशयित उलट्या दिशेला पळत होता. ‘नीट उकळलं नव्हतं’वाल्यांनी आणखी पाच मिनिटं उकळत ठेवलं. आकडा हलला नाही.

तेव्हा मी पहिल्यांदा उंचीचा विषय काढला. शंभर हा आकडा समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाचा आहे. वर जावं तसा दाब कमी होतो, आणि पाणी कमी तापमानाला उकळतं. आपल्यासारख्या उंचीवर ढोबळमानाने दर ३०० मीटरला एक अंश. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर. मुलांनी भागाकार केला, ९८ च्या आसपास आला. सगळे खूश. मी मात्र म्हटलं, थांबा, ही तर मी सांगितलेली गोष्ट झाली. आकडा जुळतो म्हणून कारण खरंच असेल असं नाही. मग काय करता येईल? कुणीतरी म्हणालं, खाली जाऊन उकळून बघायचं. एका मुलीचं आजोळ महेश्वरला, घाटाखाली नर्मदेच्या काठी, इंदूरपेक्षा साडेतीनशे-चारशे मीटर खाली. दिवाळीत ती जाणारच होती. थर्मामीटर लोकरी मोज्यात गुंडाळून तिला दिला. तो पारा नसलेला, लाल द्रवाचा होता, हे मुद्दाम सांगते. पाऱ्याचा असता तर दिला नसता. जाण्याआधी वर्गाने आपला अंदाज लिहून ठेवला: ९९ च्या वर, शंभराच्या आत. परत आल्यावर तिच्या वहीत तीन आकडे होते, एक ९९ आणि दोन ९९.५. त्याच थर्मामीटरचा शाळेतला आकडा ९८ होता.

शंभर कुठून आला, हे सांगायला त्यानंतर मला दोनच मिनिटं लागली. स्वीडनच्या अँडर्स सेल्सियसने १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली, आणि गंमत म्हणजे त्याने उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठणाऱ्याला शंभर दिलं होतं. ती उलटी नंतर केली गेली. उकळण्याचं तापमान हवेच्या दाबाप्रमाणे बदलतं हे त्याला स्वतःलाच माहीत होतं. म्हणजे पुस्तकातला शंभर चुकीचा नाही, त्याच्या मागची अट आपण वाचायची राहिली. पुस्तकाला चूक म्हणणारा तो मुलगा जरा हिरमुसला.

हे सगळं करायला किती वेळ गेला? दीड तास जास्तीचा, म्हणजे दोन पिरियड. त्यात उष्णता, दाब, उत्कलनबिंदू, क्षारांचा परिणाम आणि मोजमापातली चूक, एवढं सगळं होऊन गेलं. परिकल्पना हा शब्द मी एकदाही उच्चारला नाही. सहामाहीच्या वेळी जेव्हा सांगितलं की तुम्ही ज्यांना संशयित म्हणत होता ना, त्यालाच पुस्तक परिकल्पना म्हणतं, तेव्हा तो शब्द पाठ करावा लागला नाही.

दुसरी गोष्ट माझ्या फजितीची आहे. मेणबत्तीचा प्रयोग तुम्ही केलाच असेल: बशीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून पेला उपडा. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात चढतं. आणि आपण सांगतो, ऑक्सिजन संपला, हवेत तो एक पंचमांश असतो, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं. मी हे आठ वर्षं शिकवलं. प्रत्येक वेळी पाणी नेमकं एक पंचमांश चढत नसे, पण जवळपास चढे आणि मी ‘बघा!’ म्हणत असे.

नवव्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “मॅम, ऑक्सिजन जलते-जलते खतम होता है, तो पानी भी जलते-जलते चढ़ना चाहिए ना? ये तो बुझने के बाद चढ़ रहा है.” मी पुन्हा प्रयोग केला. ती बरोबर होती. ज्योत असेपर्यंत पाणी फारसं हलत नाही. विझली की सरसर चढतं. आठ वर्षं मी तो प्रयोग बघत होते आणि मला ते दिसलं नव्हतं, कारण मी फक्त शेवटची उंची बघत होते.

त्या दिवशी घंटा झाली आणि मी सुटले. घरी येऊन विचार केला. दुसऱ्या दिवशी त्याच पेल्याखाली एक, मग दोन, मग तीन मेणबत्त्या लावल्या. पेला तोच, म्हणजे आतला ऑक्सिजन तेवढाच. तो मोजला जात असेल तर पाणी तिन्ही वेळा सारखंच चढायला हवं. तीन मेणबत्त्यांना ते खूपच जास्त चढलं. शिवाय पेला खाली ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर पडताना दिसले. मग उलगडलं: ज्योतीने आतली हवा तापून पसरते, काही बाहेर जाते, विझल्यावर उरलेली थंड होऊन आकसते आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. ऑक्सिजनचा वाटा अजिबात नाही असंही नाही. तो वापरला जातो, त्याच्या जागी थोडा कमी कार्बन डायऑक्साइड येतो, पाण्याची वाफ होते ती थंड होऊन बसते. पण सगळा ऑक्सिजन संपायच्या कितीतरी आधीच मेणबत्ती विझते. म्हणजे या प्रयोगाने ‘एक पंचमांश’ सिद्ध होत नाही, तो आकडा योगायोगाने जवळ येतो.

तुम्हाला तो एक पंचमांश खरोखर दाखवायचा असेल तर लोखंडाच्या किसाने दाखवा. ओल्या परीक्षानळीत कीस शिंपडून ती पाण्यात उपडी उभी करायची आणि तीन-चार दिवस विसरून जायचं. गंज चढतो, ऑक्सिजन हळूहळू खर्च होतो, ज्योत नाही म्हणून तापणं-आकसणं नाही, आणि पाणी एक पंचमांशाच्या आसपास येऊन थांबतं. कीस लेथवाल्याकडे फुकट मिळतो. सांवेर रोडच्या कारखान्यांत कुणी ओळखीचं असलं तर पिशवीभर मिळेल. तेलकट असतो, आधी साबणाच्या पाण्यात धुऊन घ्या. भांडी घासायची तारेची घासणी आणू नका, ती बहुतेक स्टेनलेस स्टीलची असते, आठवडाभर वाट बघूनही गंजत नाही. हेही अनुभवाचे बोल.

या दोन प्रयोगांचं एकत्र शिकवणं मला इतकं आवडायला लागलं की पुढे मी दर वर्षी मेणबत्तीचं जुनं, चुकीचं स्पष्टीकरण आधी मुद्दाम सांगायची आणि वाट बघायची. कधी पहिल्याच तासाला कुणी पकडायचं, कधी मला ‘पाणी कधी चढतंय ते नीट बघा’ असा इशारा द्यावा लागायचा. एका वर्षी कुणीच पकडलं नाही आणि मलाच सांगावं लागलं, तेही होतं.

रोज प्रयोग होत नाहीत, मान्य. आणि व्हायलाच हवेत असंही नाही. धड्यात एखादं ठाम विधान आलं की दोन मिनिटं थांबून ‘हे कुणाला, कसं कळलं असेल?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ. प्रकाशसंश्लेषण घ्या. झाडाचं एवढं वजन कुठून येतं, विचारा. वर्ग एकमुखाने ‘मातीतून’ म्हणेल. मग सतराव्या शतकातल्या फान हेल्मॉन्टचं विलोचं झाड सांगा: मोजलेल्या मातीत रोप लावलं, पाच वर्षं फक्त पाणी घातलं, झाड सुमारे ७५ किलोने वाढलं आणि माती साधारण ६० ग्रॅमच कमी झाली. माती बाद. त्याने निष्कर्ष काढला की सगळं वजन पाण्यातून आलं. मोजणी चोख, निष्कर्ष अर्धवट, कारण हवेतूनही काही येत असेल हे त्याच्या डोक्यात नव्हतं. मुलांना हा माणूस फार आवडतो. इतकी मेहनत करणाराही अर्धाच बरोबर असू शकतो, याचा त्यांना दिलासा वाटतो की काय कोण जाणे.

तुमच्या त्या पाच पायऱ्यांबद्दलही एक सांगते. त्या पाठ केलेल्या मुलाला वाटतं की प्रयोगशाळेत नळ्या तापवल्या नाहीत तर ते विज्ञान नाही. आपल्या शेजारच्या धार जिल्ह्याचं उदाहरण द्या. नर्मदेच्या खोऱ्यात डायनासोरची ९२ घरटी आणि त्यांतली २५६ अंडी अभ्यासल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. डायनासोरवर प्रयोग कोण करणार? तिथे सगळं खुणांवर चालतं: गोल दगड हा दगड आहे की अंडं, हे कवचाची रचना सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठरवायचं, घरटी किती जवळजवळ आहेत, त्यावरून माद्यांच्या वागण्याबद्दल तर्क करायचा. काही तर्क भक्कम, काही सैल. आमच्या वर्गातली तीन मुलं त्याच धार जिल्ह्यातल्या बाग-कुक्षीकडची होती, त्यांची छाती दोन इंच फुगली.

सगळ्याच धड्यांवर हा खटाटोप करू नका. एककं, अवयवांची नावं, चिन्हं हे सरळ सांगा, पाठ करून घ्या, पुढे जा. तिथे ‘कसं कळलं’ विचारण्यात अर्थ नाही, कारण ते माणसांनी ठरवलेलं आहे. ही सीमा मुलांनाही दाखवायला हवी. प्लूटोच्या बाबतीत हमखास घोळ होतो. ‘आधी नऊ ग्रह होते, आता आठ, म्हणजे विज्ञान रोज बदलतं,’ असं एका पालकाने पालकसभेत मला ऐकवलं होतं. २००६ मध्ये प्रागला खगोलशास्त्रज्ञांच्या संघाने ग्रह कशाला म्हणायचं याची व्याख्या ठरवली, आणि प्लूटो तिच्यात बसला नाही. प्लूटोचं आकाशात काहीच बदललं नाही. व्याख्या बदलणं वेगळं, पुराव्यामुळे समजूत बदलणं वेगळं, आणि ‘सगळंच बदलतं, तेव्हा काहीही माना’ हे तर तिसरंच. विज्ञान बदलतं हे शिकवण्याच्या उत्साहात काही शिक्षक मुलांना या तिसऱ्या खड्ड्यात ढकलतात. पाणी महेश्वरला ९९.५ ला उकळलं म्हणून उद्या ते ६० ला उकळेल, असं होत नाही. उलट दाबाचा नियम कळल्यामुळे आता आपण उटीला किती असेल तेही सांगू शकतो.

घरच्या समजुतींचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी सूर्यग्रहण होतं, आपल्याकडे खंडग्रास. शाळेला सुट्टी होती. मुलांनी घरीच ठरवून दोन वाट्यांत भात ठेवला, एकीत तुळशीचं पान, दुसरीत नाही. जानेवारीत वर्गात चर्चा झाली. कुणाचाच भात विटला नव्हता. एक गट विजयी मुद्रेने म्हणाला, बघा, ग्रहणाने काही होत नाही. दुसरा म्हणाला, तुळशीवाला तर नक्कीच वाचला. तेव्हा एक शांत मुलगा बोलला: डिसेंबरच्या थंडीत तीन तासांत भात कधीच विटत नाही, ग्रहण असो वा नसो. म्हणजे आपल्या प्रयोगातून काहीच कळलं नाही.

मला त्याचं बोलणं पहिल्या गटाच्या निष्कर्षापेक्षा मोलाचं वाटलं, जरी मी स्वतः ग्रहणात जेवते. ज्या चाचणीत आपलं म्हणणं चुकीचं ठरूच शकत नाही, ती चाचणी नव्हे, आणि हे आपल्या बाजूच्या निष्कर्षालाही लागू आहे. वहीत आम्ही लिहिलं: ‘यावरून सांगता येत नाही.’ आणि मुलांना ताकीद दिली की घरी जाऊन आजीशी वाद घालायचा नाही. विचारायचंच असेल तर आजीला हे कुणी सांगितलं आणि कशासाठी, ते विचारून या. त्यातून दोन आज्या स्वतःहून म्हणाल्या की पूर्वी उरलेलं अन्न ठेवायला फ्रिज कुठे होता!

वह्यांकडे येते, कारण तुमची कोऑर्डिनेटर त्याच बघणार. माझा एक नियम होता: मोजलेला आकडा पेनने लिहायचा, खोडायचा नाही. चुकला असं वाटलं तर त्याच्यावर एक रेघ, शेजारी नवा आकडा आणि ‘का’ याचं एक वाक्य. पेन्सिल आणि खोडरबर प्रयोगाच्या तासाला दप्तरात. वही बघायला घाण दिसते, हे आधी वरिष्ठांना सांगून ठेवा. आणि गुणांची वाटणी बदला. पूर्वी मी बरोबर आकड्याला पाचपैकी तीन द्यायची. नंतर आकड्याला एक, आणि आकडा असा का आला असेल याच्या कारणाला तीन. पहिल्या महिन्यात कॉपी बंद झाली. कॉपी करून आता मिळणार काय होतं? शेजारच्याचं कारण उतरवलं तर त्याचा आकडाही उतरवावा लागे, आणि दोघांचे थर्मामीटर वेगळे.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. आपल्याच प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सहावी ते आठवीच्या १६ शाळांत एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, पुढे तो अनेक जिल्ह्यांत पसरला आणि २००२ मध्ये सरकारने बंद केला. तिथे मुलं प्रयोग करूनच शिकत, परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा असे, आणि मुलांनी मनात येईल तो प्रश्न ‘सवालीराम’ या नावाने पत्रातून विचारायचा, अशी पद्धत होती. माझे पहिले मुख्याध्यापक त्या कार्यक्रमात शिकवून आले होते. आमच्या वर्गात फडताळावर बिस्किटांचा एक रिकामा डबा होता, त्यावर त्यांनी खडूने ‘सवालीराम’ लिहून दिलं होतं. तासात वेळ नसेल तर प्रश्न त्या डब्यात. शनिवारी शेवटच्या दहा मिनिटांत दोन चिठ्ठ्या काढायच्या. ‘थर्मामीटरचं शंभरापाशी कसं तपासायचं’ ही चिठ्ठी त्या मुलीने टाकली होती, आणि ती पुढे वर्षभर डब्यातच राहिली.

वेळेचा हिशोब पुन्हा एकदा, कारण तुम्ही तोच विचारला होता. रोजच्या तासात दोन-तीन मिनिटं, शनिवारी दहा, आणि वर्षभरात चार-पाच पिरियड जे अशा एखाद्या न जुळलेल्या आकड्यामागे जातील. ते पिरियड आधी ठरवता येत नाहीत, म्हणून दर सत्रात दोन मोकळे ठेवा. उजळणीच्या तासांतून घ्या. जे मुलांनी संशयित धरून सोडवलेलं असतं, त्याची उजळणी कमी लागते. सगळ्या मुलांची नाही, हेही खरं. पाठांतरावर गुण मिळवणारी काही मुलं पहिले दोन महिने तुमच्यावर नाराज राहतील, आणि त्यांचे पालकही.

व्हिडिओ पूर्ण बंद करू नका. जिथे प्रयोग धोक्याचा किंवा महाग आहे तिथे ते चांगलेच. फक्त व्हिडिओत आकडा नेहमी जुळतो, हे मुलांना एकदा दाखवून द्या आणि विचारा, यांनी किती वेळा केलं असेल?

उष्णतेचा धडा तुमचा अजून व्हायचा आहे असं दिसतं. तर या आठवड्यात कपाटातले सगळे थर्मामीटर काढून स्वतः बर्फात तपासा, पण चुकीचे वेगळे काढू नका. त्यावर नंबरच्या चिठ्ठ्या लावा, कुठला किती चुकतो ते स्वतःच्या डायरीत लिहून ठेवा, आणि सगळ्यात बिघडलेला त्या गटाला द्या जो शंभर लिहिणार याची तुम्हाला खात्री आहे.